फ्रान्समध्ये कॅम्पिंगला जाताना : नाशिककर वाचकांचे प्रश्न

युरोपात हॉटेलऐवजी कॅम्पसाइटवर मुक्काम करून सुट्टी घालवण्याविषयी या वेळी नाशिक आणि परिसरातून बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी काही निवडून येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रलेखकांनी नियोजनाची सुरुवात विमानाच्या तिकिटापासून केलेली दिसते. माझ्या मते तिकीट सर्वांत शेवटी येते. आधी तारखा, मग घरातील पाळीव प्राण्याचा निर्णय, मग मुक्कामाची जागा, आणि हे तिन्ही पक्के झाल्यावर तिकीट व व्हिसा, असा क्रम ठेवल्यास पुढची धावपळ पुष्कळ कमी होते.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, अकरा व सात वर्षांची दोन मुले आणि 68 वर्षांच्या सासूबाई असे पाच जण मे महिन्याच्या सुट्टीत फ्रान्सला जाण्याचा विचार करतो आहोत. सासूबाईंना तंबूत राहणे झेपेल का? कोणता भाग निवडावा? (गंगापूर रोड)

आपल्याकडे भंडारदऱ्याच्या काठावर तंबूत एक रात्र काढून आलेल्यांच्या मनात कॅम्पिंगचे जे चित्र असते, ते फ्रान्समध्ये बरेच बदलते. तेथील कॅम्पसाइटना हॉटेलांप्रमाणेच एक ते पाच तारे दिलेले असतात. नगरपालिकेच्या साध्या, स्वस्त जागेपासून पोहण्याचे तलाव, किराणा दुकान आणि उपाहारगृह असलेल्या मोठ्या परिसरापर्यंत सर्व प्रकार मिळतात. तेथे केवळ तंबूची मोकळी जागा घेता येते, आधीच उभारलेला पलंगांसह तंबू घेता येतो किंवा ‘मोबिल-होम’ म्हणजे स्वयंपाकघर, स्नानगृह आणि दोन-तीन खोल्या असलेले छोटे तयार घरही भाड्याने घेता येते. सासूबाई बरोबर असताना मी निःसंकोचपणे मोबिल-होमच सुचवीन, कारण रात्री अंधारात, थंडीत सामायिक स्वच्छतागृहापर्यंत चालत जाणे हीच ज्येष्ठांच्या दृष्टीने कॅम्पिंगमधली खरी अडचण असते. मुलांना तंबूची हौस असेल, तर एखाद्या रात्रीसाठी लहान तंबू शेजारी लावू द्याल का, असे आरक्षण करतानाच विचारून ठेवावे.

आपली मे महिन्याची सुट्टी या बाबतीत फार सोयीची आहे. फ्रेंच कुटुंबांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि त्या काळात भाडे, गर्दी व महामार्गांवरील कोंडी ही तिन्ही शिगेला पोहोचतात. मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तीच घरे बऱ्याच कमी दरात मिळतात. मात्र 1 मे आणि 8 मे या तेथील सार्वजनिक सुट्ट्या आहेत, आणि त्यांना जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी, तसेच असेन्शन व पेंटेकॉस्ट या सणांच्या दिवसांत जागा लवकर भरतात. मुलांसाठीचे खेळ-कार्यक्रम बहुधा जुलैपासून सुरू होतात, म्हणून पोहण्याचा तलाव मे महिन्यात उघडा असतो का आणि त्याचे पाणी तापवलेले असते का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. अनेक ठिकाणी तलावात सैल बर्म्युडा घालून उतरू देत नाहीत. मुलांसाठी घट्ट पोहण्याचे कपडे येथूनच घेऊन जावेत. दिवाळीच्या सुट्टीचा बेत कोणी करत असेल, तर त्या सुमारास बहुतेक कॅम्पसाइट बंद झालेल्या असतात, हे लक्षात घ्यावे.

प्रदेश निवडताना संपूर्ण फ्रान्स एका सुट्टीत पाहण्याचा मोह टाळावा, आणि दोनच ठिकाणी प्रत्येकी आठवडाभर राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या कुटुंबासाठी दक्षिणेकडील आर्देशचे खोरे मला सर्वांत योग्य वाटते. नदीने कोरलेली ‘पाँ दार्क’ ही प्रचंड नैसर्गिक कमान, कनूतून म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून जाता येणारी चुनखडीची घळई आणि शोव्हे गुहेची 2015 मध्ये खुली झालेली हुबेहूब प्रतिकृती हे सर्व तेथे जवळजवळ आहे. मूळ गुहा 1994 मध्ये सापडली. तिच्यातील सर्वांत जुनी चित्रे सुमारे 36,000 वर्षांपूर्वीची मानली जातात आणि ती जपण्यासाठी गुहा पर्यटकांना कधीच खुली केली गेली नाही. प्रतिकृती पाहताना सासूबाईंनाही फारसा त्रास होणार नाही. कनूसाठी मात्र मूल किमान सात वर्षांचे असावे लागते आणि त्याला पोहता यावे लागते, म्हणून धाकट्याला या हिवाळ्यातच पोहण्याच्या वर्गाला घालावे. वसंतात पावसानंतर नदीला जोर असला, तर कनू देणारे लोक नकार देतात, तेव्हा हट्ट धरू नये. दुसऱ्या आठवड्यासाठी आल्प्सच्या पायथ्याचे अनसी सरोवर चांगले आहे, परंतु मे महिन्यात तेथील रात्री नाशिकच्या जानेवारीपेक्षा गार असू शकतात.

मोबिल-होममध्ये चादरी आणि टॉवेल बहुधा दिलेले नसतात. ते वेगळे भाडे भरून घ्यावे लागतात. निघताना घर स्वतः झाडून-पुसून द्यावे लागते, अन्यथा अनामत रकमेतून पैसे कापले जातात. स्वागतकक्ष संध्याकाळी बंद होतो, त्यामुळे उशिरा पोहोचणार असल्यास आधी कळवावे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. जून 2024 पासून प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचे (फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांच्या सामायिक व्हिसाचे) शुल्क 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी 45 युरो आहे, आणि अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. म्हणजे आपल्या दोन्ही मुलांना निम्मे शुल्क लागेल. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. मुक्कामाचा पुरावा म्हणून कॅम्पसाइटचे आरक्षणपत्र जोडता येते, फक्त त्यावर पाचही जणांची नावे पासपोर्टप्रमाणे असावीत. आरक्षण करताना एकाचेच नाव घालण्याची सवय येथे नडते.

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांचा लॅब्राडोर आहे. तो घरातलाच एक आहे, म्हणून त्याला सोडून जाण्याची कल्पना मुलांना सहन होत नाही. त्याला फ्रान्सला नेता येईल का? (इंदिरानगर)

नेता येईल, परंतु त्याची तयारी आपल्या व्हिसापेक्षा फार आधी सुरू करावी लागेल. रेबीजच्या दृष्टीने युरोपीय संघाने ज्या देशांना सवलत दिली आहे, त्यांत भारत नाही, त्यामुळे आपल्या कुत्र्याला सर्वांत कडक नियम लागू होतात. प्रथम त्याच्या त्वचेखाली आयएसओ प्रमाणाची मायक्रोचिप बसवावी लागते आणि त्यानंतर रेबीजची लस द्यावी लागते. हा क्रम उलटला, तर ती लस धरली जात नाही. नाशिकमधील बहुसंख्य कुत्र्यांना दरवर्षी लस मिळते, पण चिप नसते, म्हणून आपल्याला चिपनंतर पुन्हा लस द्यावी लागण्याची शक्यता अधिक आहे. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढून ते युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवतात. रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलिटर 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक आले पाहिजे. तसे आले तरी रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने उलटेपर्यंत त्याला युरोपात प्रवेश नाही. शेवटी, पोहोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांत सरकारी पशुवैद्यकाचे स्वास्थ्य प्रमाणपत्र लागते. त्यासाठी मुंबईतील पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेच्या कार्यालयाशी संपर्क साधावा आणि त्याच भेटीत भारतात परत येतानाच्या ना-हरकत प्रमाणपत्राचीही चौकशी करावी, कारण परतीचा विचार अनेक जण फ्रान्समध्ये गेल्यावरच करतात.

हिशेब मांडला, तर 15 मे रोजी पोहोचायचे असल्यास रक्त 15 फेब्रुवारीपूर्वी आणि लस जानेवारीच्या मध्यापूर्वी व्हायला हवी. प्रयोगशाळेचा वेळ आणि एखादी चाचणी पुन्हा करावी लागण्याची शक्यता धरून मी म्हणेन की दिवाळी संपताच चिप बसवावी.

आता माझे स्पष्ट मत सांगतो. दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी लॅब्राडोरला नेऊ नये. एवढ्या वजनाचा कुत्रा प्रवासी कक्षात बसू शकत नाही, त्याला पिंजऱ्यात घालून विमानाच्या खालच्या कक्षातून न्यावे लागते. नाशिकहून कसारा घाटमार्गे मुंबई, मे महिन्याच्या उकाड्यात विमानतळावरची प्रतीक्षा, नऊ-दहा तासांचे उड्डाण आणि पुन्हा हेच सर्व परतताना, असा हा प्रवास आहे. ज्याच्यावर आपण जीव लावला आहे, त्याच्यावर तो केवळ आपल्या आनंदासाठी लादणे मला योग्य वाटत नाही. पग किंवा बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर अनेक विमान कंपन्या खालच्या कक्षात घेतच नाहीत, कारण त्यांना श्वास घेणे जड जाते. कायमचे स्थलांतर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ही सारी खटपट त्याच्यासाठीच असते.

मुलांची समजूत घालण्यासाठी त्यांनाच या तयारीत सामील करावे. आजी-आजोबा, मामा-मावशी किंवा त्याला ओळखणारा शेजारी यांच्यापैकी कोणाकडे त्याला ठेवता येईल, हे त्यांनाच ठरवू द्यावे. डॉग बोर्डिंगमध्येच ठेवायचे असेल, तर निघण्यापूर्वी काही आठवडे तेथे एक-दोन रात्री त्याला ठेवून पाहावे. तो जेवतो का, झोपतो का, हे त्यातून कळते. त्याचे नेहमीचे खाणे, औषधे, अंथरुण आणि पशुवैद्यकाचा दूरध्वनी सोबत द्यावा. तातडीच्या उपचारांचा निर्णय तुमच्या वतीने कोण घेणार, हेही लेखी ठरवून ठेवावे.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. आम्ही दोघे तिच्याकडे जाणार असून तिच्या कुत्र्यासह सर्वांनी मोटारीने फ्रान्सला कॅम्पिंगसाठी जावे, असे ती म्हणते. त्यालाही हेच नियम आहेत का? (कॉलेज रोड)

तिचे काम फार सोपे आहे. युरोपीय संघात राहणाऱ्या कुत्र्याला तेथील पशुवैद्यक युरोपीय पासपोर्ट देतात. चिप, त्यानंतरची रेबीजची लस आणि पहिल्या लसीनंतरचे 21 दिवस पूर्ण झाले की तो फ्रान्समध्ये जाऊ शकतो.

कॅम्पसाइट निवडताना मात्र कुत्र्याला परवानगी आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तंबूच्या जागेवर परवानगी असते, पण तयार घरांत नसते, असे पुष्कळदा आढळते. प्रत्येक रात्रीचे वेगळे शुल्क, नेहमी दोरी बांधण्याचे बंधन आणि लसीकरणाची नोंद दाखवण्याची अट जवळपास सर्वत्र असते. फ्रान्समध्ये 1999 च्या कायद्याने काही कुत्र्यांचे दोन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गातील पिटबुल प्रकारच्या कुत्र्यांना देशात आणण्यासच बंदी आहे, आणि रॉटवायलरसारख्या दुसऱ्या वर्गातील कुत्र्यांना सार्वजनिक ठिकाणी दोरीबरोबर तोंडाला जाळी लावावी लागते. बहुतेक कॅम्पसाइट या दोन्ही वर्गांना नकार देतात. उन्हाळ्यात अनेक समुद्रकिनारे कुत्र्यांसाठी बंद असतात आणि आल्प्समधील एक्रँ राष्ट्रीय उद्यानाच्या गाभा क्षेत्रातही त्यांना मनाई आहे. दक्षिणेकडे जाणार असाल, तर वाळूमाशीमुळे होणारा लिशमनायसिस हा आजार आणि गोचिडींपासूनचे रक्षण याविषयी तिच्या पशुवैद्यकाला निघण्यापूर्वी विचारावे. थांबलेल्या बंद मोटारीत त्याला क्षणभरही ठेवू नये.

प्रश्न : पॅरिसला उतरल्यावर लगेच मोटार भाड्याने घ्यावी का? भारतीय परवाना चालतो का? (पाथर्डी फाटा)

रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, कुटुंब बरोबर असताना, उजव्या बाजूने चालणाऱ्या अनोळखी वाहतुकीत शिरू नये. शार्ल द गोल विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलखालीच टीजीव्ही या अतिवेगवान रेल्वेचे स्थानक आहे. तेथून आव्हिन्यों किंवा लिऑंपर्यंत थेट गाडीने जावे आणि विश्रांती घेऊन तेथे मोटार घ्यावी. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना असावा, तो एक वर्ष चालतो. दहा वर्षांखालील मुलांना मागील आसनावर, वयानुरूप बालआसनात बसवणे बंधनकारक आहे. महामार्गावरील वेगमर्यादा ताशी 130 किलोमीटर आहे आणि पावसात ती 110 होते. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते, हा नियम आपल्याकडील चालकांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. ‘बिझों फ्युते’ ही सरकारी सेवा गर्दीचे दिवस हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा अशा रंगांत आधीच जाहीर करते. काळ्या दिवशी रस्त्यावर उतरूच नये.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. स्वयंपाकाचे सामान, तूप आणि इंडक्शन शेगडी येथून न्यावी का? (पंचवटी)

तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर नेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून वैयक्तिक सामानात दुग्धजन्य पदार्थ आणि मांस नेण्यास बंदी आहे. आंबे, द्राक्षे, कढीपत्ता, कोथिंबीर यांनाही वनस्पती-स्वास्थ्य प्रमाणपत्राशिवाय परवानगी नाही. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पोहे, कोरड्या चटण्या खुशाल न्याव्यात. तांदूळ, मसूर, दही, लोणी, भाज्या तेथील कोणत्याही सुपरमार्केटमध्ये मिळतात.

शेगडी नेऊ नये, याचे कारण विजेत आहे. अनेक जागांवर केवळ 6 अँपिअरचा पुरवठा असतो, म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 1,380 वॅट. त्यावर 2,000 वॅटची इंडक्शन लावली की वीज जाते. मोबिल-होममध्ये शेगडी असतेच. तंबूत राहणाऱ्यांनी तेथे पोहोचल्यावर गॅसचे छोटे नळकांडे विकत घ्यावे, कारण विमानात ते नेता येत नाही. दक्षिणेत उन्हाळ्यात कोळशाच्या शेगडीवर बंदी असते आणि ती मनापासून पाळावी. जुलै 2022 मध्ये द्यून द्यु पिला या वाळूच्या विशाल टेकडीपाशी लागलेल्या वणव्यात पाच कॅम्पसाइट उद्ध्वस्त झाल्या आणि हजारो पर्यटकांना रात्रीतून हलवावे लागले.

प्रश्न : पैसे वाचवण्यासाठी नदीकाठी कोठेही तंबू ठोकला तर चालेल का? (सिन्नर)

चालणार नाही. समुद्रकिनाऱ्यावर, संरक्षित निसर्गस्थळांत, ऐतिहासिक वास्तूंच्या 500 मीटर परिसरात आणि पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 200 मीटरच्या आत तंबू लावण्यास मनाई आहे. त्याशिवाय स्थानिक महापौर आपल्या हद्दीत आणखी बंधने घालू शकतात, आणि खासगी जमिनीवर मालकाची संमती लागतेच. डोंगरात पायी भटकणाऱ्यांना काही राष्ट्रीय उद्यानांत एका रात्रीपुरती सवलत आहे. उदाहरणार्थ, मेर्कांतूरमध्ये उद्यानाच्या सीमेपासून किंवा रस्त्यापासून तासाभराच्या चालीच्या पलीकडे संध्याकाळी 7 ते सकाळी 9 या वेळेत छोटा तंबू लावता येतो. कुटुंबासह स्वस्तात राहायचे असेल, तर नगरपालिकेची कॅम्पसाइट शोधावी. तेथे टॉयलेट पेपर आणि साबण बहुधा स्वतःचा न्यावा लागतो.