बेक केलेला पास्ता साच्यातून अख्खा बाहेर कसा काढायचा?

या वेळी पास्त्यावरचे प्रश्न खूप आलेत, त्यातले चार घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांना लागणारं बरंचसं त्यातच आहे, त्यामुळे आधी ते नीट वाचा.

प्रश्न : ताई, नमस्कार. लेकीचा वाढदिवस आहे आणि तिला केक नकोय, तिला तो रिगाटोनी (जाड नळ्यांचा पास्ता) उभा रचून केकच्या टिनमध्ये बेक केलेला पास्ता पाहिजे, जो कापला की मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. मी एकदा करून बघितला पण टिन उघडल्या उघडल्या सगळं भसकन पसरलं, चव चांगली होती पण ताटात नुसता ढीग. आमच्याकडे अंडं चालत नाही, म्हणून पसरला का? ओटीजी २५ लिटरचा आहे. (कोथरूड)

अंडं नव्हतं म्हणून पसरला असं अजिबात समजू नका, या प्रकाराला अंडं लागतच नाही. तुमचा सॉस पातळ राहिला असणार आणि टिन गरम असतानाच उघडला असणार, बहुतेक वेळा याच दोन गोष्टी नडतात. आपण दिसण्याचा विचार शेवटी करतो, वरून चीज घालायचं, दोन पानं ठेवायची वगैरे, पण हा पास्ता कसा दिसणार ते पास्ता उकळतानाच ठरतं, म्हणून तिथूनच सांगते.

टिन ७ इंची घ्या, तळ निघणारा किंवा बाजूला कडी असणारा. ९ इंचीला जवळजवळ अर्धा किलो रिगाटोनी लागतो, ७ इंचीला ३०० ग्रॅममध्ये काम होतं आणि २५ लिटरच्या ओटीजीत टिनच्या चारी बाजूंनी हवा खेळायला जागा पण राहते. टिन नसेल तर तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानांत विचारा, नाहीतर केकचं सामान मिळतं तिथे. रिगाटोनीऐवजी पेने घेऊ का असं पण बऱ्याच जणी विचारतात, नका घेऊ, पेनेची टोकं तिरकी कापलेली असतात त्यामुळे तो सरळ उभाच राहत नाही. आणि पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलंय ना ते बघा, मैद्याचा पास्ता शिजला की मऊ पडतो आणि उभा करताना हातातच चेपतो.

३०० ग्रॅमला ३ लिटर पाणी, त्यात दीड ते दोन मोठे चमचे मीठ, आणि पाणी खळखळ उकळल्यावरच पास्ता टाका. पाकिटावर जी मिनिटं असतील त्याच्या ३-४ मिनिटं आधी एक नळी काढून आडवी कापून बघायची, मध्ये अजून पांढरी रेघ दिसली पाहिजे. ती दिसतीये तोवरच गॅस बंद. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पाकिटावरची मिनिटं इथे तंतोतंत लागू पडतीलच असं नाही, नळी कापून बघणं जास्त भरवशाचं. कच्चा का काढायचा तर तो पुढे अर्धा-पाऊण तास ओव्हनमध्ये सॉसमधलं पाणी पिणार आहे, आत्ताच पूर्ण शिजवला तर तेव्हा लगदा होईल आणि लगदा उभा राहत नाही. एरवी पास्ता धुवू नका असंच मी सांगते, कारण वरचा स्टार्च सॉसला धरून ठेवतो, पण इथे एकेक नळी हाताने लावायचीये आणि चिकट नळ्या लावता येत नाहीत, म्हणून फक्त या प्रकारासाठी गार पाण्याखाली धरा, नीट निथळा, एक चमचा तेल आणि मूठभर किसलेलं चीज लावून हलक्या हाताने कालवा. हे चीज नंतर वितळून नळ्या एकमेकींना चिकटवणार आहे, अंड्याचं काम तेच करतं म्हणा ना.

आता सॉस. टोमॅटोचा सॉस इतका आटवायचा की कढईत पळी ओढली की तळ दिसतो आणि लगेच बुजत नाही. संकरित टोमॅटो असतील तर गर जास्त असतो, लवकर होतो, गावठी असतील तर रस जास्त आणि आंबट, त्याला वेळ द्या आणि चिमूटभर साखर घाला. आत भाज्या घालायच्या तर अगदी बारीक चिरा, मशरूम असोत नाहीतर सोया ग्रॅन्युल्स, नळीच्या तोंडातून आत गेलं पाहिजे, मोठे तुकडे वरच अडकतात आणि मग खालून नळ्या रिकाम्या राहतात. सोबत व्हाइट सॉस करा, अर्धा लिटर दुधाला ४० ग्रॅम बटर आणि ४० ग्रॅम मैदा. मैदा बटरमध्ये मंद गॅसवर दोन मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग बदलायला नको, मग दूध थोडं थोडं घालत हलवत राहा, शेवटी मीठ, मिरी, थोडं जायफळ किसून.

रचताना टिनला आतून बटर लावा, बाहेरून तळाला फॉइल गुंडाळा म्हणजे गळणार नाही, आणि तळाला व्हाइट सॉसचा पातळ थर द्या. मग टिनच्या एका कडेखाली नॅपकिनची गुंडाळी ठेवून तो तिरका करा, खालच्या बाजूच्या भिंतीला टेकवत पहिली रांग लावा, तिला टेकून दुसरी, अशा नळ्या पडत नाहीत. अर्ध्याच्या वर भरलं की टिन सरळ करा आणि उरलेल्या नळ्या मध्ये दाबून बसवा. दाबून म्हणजे खरंच दाबून, शेवटच्या दोन-तीन नळ्या जरा जोर लावूनच गेल्या पाहिजेत, जिथे फट राहते तिकडे अख्खी रांग कलते. लेकीला बरोबर घ्या, लहान बोटं या कामाला फार छान चालतात.

आता टोमॅटो सॉस वर ओता आणि टिन जाडसर फडक्यावर ठेवून ओट्यावर हलकेच आपटा, सॉस खाली उतरताना दिसतो, उतरला की अजून घाला. जिथे उतरत नाही तिथे दुधाच्या स्वच्छ धुतलेल्या पिशवीत सॉस भरून तिचं टोक कापा आणि नळीत पिळा. वर राहिलेला व्हाइट सॉस पसरा. ओव्हन २०० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवून घ्या, टिन खालच्या जाळीवर, वर फॉइल झाकून २० मिनिटं. मग फॉइल काढून मोझरेला घालून दोन्ही रॉड चालू ठेवून अजून १५ मिनिटं, कडेने बुडबुडे आले आणि वर सोनेरी डाग पडले की बाहेर.

आणि आता हात लावायचा नाही! १५-२० मिनिटं तसाच ओट्यावर. गरम असताना चीज पण पातळ असतं आणि सॉस पण, निवायला लागलं की चीज आवळतं आणि मैद्याचा सॉस घट्ट होतो, तोवर नळ्यांना धरून ठेवणारं काहीच नसतं. मुलं कितीही घाई करू देत, तेवढ्या वेळात औक्षण उरकून घ्या. नंतर कडेने सुरी फिरवा, टिन एखाद्या उपड्या स्टीलच्या डब्यावर ठेवा, डबा टिनच्या तळापेक्षा लहान पाहिजे, आणि टिनची भिंत दोन्ही हातांनी सावकाश खाली सरकवा. पास्ता डब्यावर उभा राहतो. कडीवाला टिन असेल तर नुसती कडी उघडा. कापायला लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या आणि सरळ खाली दाबा, करवत चालवल्यासारखी ओढू नका.

ताटात खाली थोडा पातळ गरम टोमॅटो सॉस पसरवून त्यावर तुकडा ठेवला की लाल-पांढरं फार सुंदर दिसतं. रसाळपणा हवा असेल तो असा बाहेरून द्या, टिनच्या आत नको.

प्रश्न : ताई, मी सदाशिव पेठेत शिकायला राहतो, आम्ही चौघं फ्लॅटवर. ओव्हन नाही, गॅस आणि एक जाड नॉनस्टिक पॅन आहे. मित्रांसाठी काहीतरी भारी दिसणारं करायचंय, बेक न करता जमेल का?

जमेल रे, आणि मस्त जमेल. ओव्हनमध्ये वरून रंग येतो, तुझ्याकडे तो खालून येणार, म्हणून ताटात उलटा काढायचा, एवढाच फरक. नेपल्समध्ये उरलेल्या पास्त्याचं असंच करतात, अंडी घालून पॅनमध्ये दोन्हीकडून खरपूस भाजतात, फ्रिटाटा दी माक्केरोनी म्हणतात त्याला. २०० ग्रॅम स्पॅगेटी उकडून घे, ४ अंडी फेटून त्यात मीठ, मिरी, किसलेलं चीज घाल, पास्ता कालव. पॅनमध्ये दोन चमचे तेल तापवून त्यात दाबून बसव, झाकण ठेव, मंद आचेवर १० मिनिटं. कडा सुटल्या की वर मोठं ताट ठेवून उलटं कर आणि दुसरी बाजू परत पॅनमध्ये सरकव, अजून ५ मिनिटं.

अंडं नको असेल तर वरचा व्हाइट सॉस अर्ध्या मापाने आणि जरा जास्तच दाट करून घे आणि त्यात पास्ता कालव, फक्त मग उलटण्याआधी गॅस बंद करून १० मिनिटं थांब. स्पॅगेटी तळाला गोल गोल वळवून लावलीस तर उलटल्यावर वर चक्र दिसतं, त्याला दुसऱ्या सजावटीची गरजच नाही. पॅन उलटताना दोन्ही हातांत जाड फडकी घे आणि बेसिनवर उभं राहून उलट, तेल हातावर येऊ शकतं.

प्रश्न : ताई, वांग्याच्या कापांत गुंडाळलेला पास्ता करायची खूप इच्छा आहे, पण घरात सासूबाई चातुर्मास पाळतात, कांदा-लसूण-वांगं काहीच नाही. त्यांनाही खाता यावा असं काही सुचवाल? आणि चीज शाकाहारी असतं का हेही त्या विचारतात. (बिबवेवाडी)

सासूबाईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे. चीज करताना दूध फाडायला रेनेट वापरतात, आणि इटलीतल्या अस्सल पार्मिजानो रेजानोमध्ये ते वासराच्या पोटातलं असतं, म्हणजे ते शाकाहारी नाही. आपल्याकडच्या बऱ्याचशा चीजमध्ये मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं, पाकिटावर हिरवी खूण बघा आणि मागची बारीक अक्षरं पण वाचा, तेवढं केलं की त्यांना निर्धास्त वाढा.

तुम्ही म्हणताय तो प्रकार सिसिलीतला, पालेर्मोला छोट्या गोल रिंगांचा पास्ता तळलेल्या वांग्याच्या कापांत भरून बेक करतात. वांगं आत्ता राहू दे. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की हिवाळ्यातली मोठी भरताची वांगी मंडईत असतातच, तेव्हा त्याच्या लांब कापांचा करा. आत्ता झुकिनी घ्या, हिरवी आणि पिवळी दोन्ही. सालकाढण्याने किंवा सुरीने लांब पट्ट्या काढा, मीठ लावून १० मिनिटं ठेवा, पाणी सुटेल ते कापडाने टिपून घ्या आणि तव्यावर तेलाचा हात लावून दोन्हीकडून परता. हे टिपणं टाळू नका, झुकिनीचं पाणी आत उतरलं तर सगळा पास्ता सैल होतो.

गोल बुडाच्या काचेच्या ओव्हनप्रूफ बोलला बटर लावून पट्ट्या मधून कडेकडे अशा लावत जा, एक हिरवी एक पिवळी, थोड्या एकमेकींवर चढवून, टोकं बाहेर लोंबत ठेवायची. आत भरायला २०० ग्रॅम छोटी मॅकरोनी चालेल. सॉसमध्ये कांदा नाही तर दाटपणा कुठून येणार, तर उकडलेला लाल भोपळा कुस्करून टोमॅटोत घाला, गोडवा पण कांद्याच्या जवळ जातो, आणि तेलात हिंग. मॅकरोनी, सॉस, चीज, थोडं पनीर भरून नीट दाबा, लोंबणारी टोकं आत दुमडा, १९० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं, मग १५ मिनिटं थांबून ताटात उलटा. उलटल्यावर बोल लगेच ओढू नका, एक मिनिट तसाच राहू द्या, तो आपोआप सुटतो.

प्रश्न : रविवारी सकाळी १५ माणसं आहेत. आदल्या दिवशी तयारी करून ठेवता येईल का? आणि प्रत्येकाला वेगळं वेगळं देता येईल असं काही? माझ्याकडे कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह आहे. (औंध)

स्टीलच्या वाट्या काढा, नेहमीच्या आमटीच्या. आतून बटर लावून बारीक रवा भुरभुरवा, जास्तीचा झटकून टाका, म्हणजे सुटताना त्रास नाही आणि वरून कुरकुरीत पण होतात. १५ वाट्यांना साधारण ६०० ग्रॅम मॅकरोनी लागेल. दाट सॉसमध्ये कालवून वाट्या काठोकाठ दाबून भरा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा, रात्रभर अगदी व्यवस्थित राहतात, उलट जास्त घट्ट बसतात. सकाळी अर्धा तास आधी बाहेर काढा, १९० अंशांवर २५ मिनिटं, दोन घाण्यांत होतील. ५ मिनिटांनी उपड्या करा. काचेच्या भांड्यात करणार असाल तर फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं.

आणि मोड नीट बघा, फक्त कन्व्हेक्शन पाहिजे. मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशनवर स्टीलच्या वाट्या चालत नाहीत, ठिणग्या उडतात, आणि नुसत्या मायक्रोवेव्हवर रंगही येत नाही. जाळी मशीनबरोबर आलेलीच वापरा.