त्यांचं बंगाली तोडू नकोस

प्रिय पोरी,

तुझं बर्दवानहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. बंगाली माध्यमातून आलेली मुलं तुझ्या इंग्रजीच्या वर्गात तोंड उघडत नाहीत, आणि विभागातली ज्येष्ठ मंडळी म्हणतात, बंगालीचा एक शब्दही काढू देऊ नका. तसं करू का, विचारतेस. नको. त्यांचं बंगाली तोडू नकोस.

मी ते करून बसले आहे. कोलकात्यात शिकवायला लागले तेव्हा पहिली तीन वर्षं वर्गात बंगालीला बंदी होती, माझीच. बांकुड्याकडच्या एका मुलीनं वहीत लिहिलं, 'ही इज माय सिस्टर'. मी ते मोठ्यानं वाचलं, वर्ग हसला. ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि वर्षभर बोलली नाही. मला तेव्हा बंगाली येत नव्हतं. आल्यावर कळलं, आपल्याकडे तो आणि ती. त्यांच्याकडे भाऊ असो की बहीण, 'शे'च. 'आमि छात्रो' म्हणताना मध्ये 'आहे' लागत नाही, म्हणून इंग्रजीत 'अ‍ॅम' गळतं. हे बंगालीतून समजावणं दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही, ते अजून टोचतं.

माध्यमामुळे मागे पडली, असं तुला सगळे सांगतील. 1980च्या दशकात तिथल्या सरकारी शाळांनी प्राथमिकमधून इंग्रजी काढलं, ते सहावीपासून सुरू व्हायचं. माझी मुलं त्यातली. पण 2004 मध्ये ते पहिलीत परत आलं. तुझी मुलं बारा वर्षं इंग्रजी शिकली आहेत, मग गप्प का? बारा वर्षं पाठ केलेले परिच्छेद उतरवले, बोलली कधीच नाहीत, म्हणून! इंग्रजी माध्यमातल्यांच्या कानावर ते दिवसभर पडतं, त्यांची जीभ आधी सुटते, हे मान्य. सराव तुला देता येईल. आपल्या भाषेची लाज एकदा बसली की कुणालाच काढता येत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोसांनी 1924 मध्ये आइन्स्टाइनना इंग्रजीत पत्र लिहिलं, आणि 1948 मध्ये विज्ञान बंगालीतून सांगायला बंगीय विज्ञान परिषद काढली. त्यांना एका भाषेसाठी दुसरी सोडावी लागली नाही.

उद्या एकाला गावातली गोष्ट बंगालीत सांगू दे. तिची चार वाक्यं सगळ्यांनी मिळून फळ्यावर इंग्रजीत करा, मग प्रत्येकानं ती बोलायची. चुका त्या तासाला मोजू नकोस. विभाग कुरकुरेल, कुरकुरू दे.

मी स्वतः मराठी शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवली आणि चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. 'तो काळ वेगळा होता' असं मला लिहू नकोस, फार ऐकलंय. त्यांचं बंगाली तोडू नकोस, एवढं ऐक.

तुला स्वतःला किती बंगाली येतं, ते मात्र पत्रात कुठेच नाही. माझं बाराखडीचं जुनं पुस्तक उद्या टपालानं पाठवते.

तुझी,
बाई