'उद्योगावकाश' वाचणाऱ्या मुलीला

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बाळ,

रविवारी आईबरोबर आलीस, लॅपटॉप उघडून सगळं काम दाखवलंस आणि जाताना चपला घालता घालता विचारलंस, "मावशी, पण पहिलं गिऱ्हाईक आणायचं कुठनं?" दारात उभ्या उभ्या द्यायचं उत्तर नव्हतं ते. म्हणून लिहायला बसले.

तुझा हात चांगला आहे. रंगाची जाण आहे, अक्षरांना श्वास घ्यायला जागा सोडतेस. पण तू दाखवलेल्या तीस-चाळीस कामांत एकही काम आपल्या भागातल्या कुणासाठी केलेलं नव्हतं. कॉफीचं दुकान, सुगंधी मेणबत्त्या, कुठलीशी प्रवासी कंपनी, सगळं मनानं रचलेलं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते वेगळंच. सासूबाईंनी गेटात पडलेलं पत्रक तुझ्यापुढं धरलं. वर ठळक कन्नड अक्षरांत 'उद्योगावकाश'. त्यांनी विचारलं, "कसला उद्योग काढतायत गं?" आणि तू म्हणालीस, "उद्योग नव्हे आजी, नोकरी. नोकरीची संधी आहे."

तुला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. कन्नडमध्ये उद्योग म्हणजे नोकरी आणि अवकाश म्हणजे संधी. आपल्याकडं उद्योग म्हणजे धंदा-कारखाना आणि अवकाश म्हणजे सवड, नाहीतर थेट आभाळ. तिकडं 'प्रशस्ती' म्हणजे पुरस्कार, इकडं स्तुती. तिकडं 'अनुमान' म्हणजे संशय, इकडं तर्कानं काढलेला निष्कर्ष. शब्द एकच, दोन्हीकडं संस्कृतातूनच आलेला, म्हणून माणूस बेसावध राहतो आणि फसतो. वकिलाच्या कागदात एवढा एक शब्द चुकला तर अर्थ उलटापालटा होतो. हे तुला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. येळ्ळूरच्या घरात मराठी, शाळेच्या वाटेवर आणि बसमध्ये कन्नड, असं ते अंगात मुरलंय. चित्रं काढणारे खूप आहेत. मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर समजून, शुद्ध लिहून, शेजारी शेजारी नीट बसवून देणारी माणसं मला तरी बोटांवर मोजण्याइतकीच माहीत आहेत. तुझ्या कार्डावर 'ग्राफिक डिझायनर' एवढंच आहे. त्याखाली 'मराठी-कन्नड मजकूर, भाषांतर आणि मांडणी' ही ओळ घाल. गिऱ्हाईक त्या ओळीसाठी येईल.

आता बेळगावात ही गरज कुणाला आहे ते बघ. २०२४ पासून कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा आहे. त्यावरनं आपल्या घराघरांत काय बोललं जातं ते तुला ठाऊक आहे, आणि माझंही मन दुखलेलं आहे. ते तुझ्यापासून लपवत नाही. पण खडे बाजारातल्या दुकानदाराला पाटी करायचीच आहे. उरलेल्या जागेत मराठी अक्षर कोंबलेलं, ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं असू नये, आणि वरचं कन्नडही कुणी हसेल असं असू नये, ही काळजी दोन्ही भाषा आपल्या मानणाऱ्यानंच घ्यायची. मी ते काम मान खाली घालून कधी केलं नाही.

उद्यमबागेतल्या कारखान्यांना यंत्राजवळ लावायच्या सूचना दोन्ही भाषांत लागतात, कारण कामगार दोन्हीकडचे. शहापूर-वडगावच्या साडीवाल्यांना कोल्हापूरच्या गिऱ्हाइकासाठी मराठी पत्रक हवं असतं, हुबळीसाठी कन्नड. कडोली, येळ्ळूर, उचगावची साहित्य संमेलनं आली की स्मरणिका निघतात. आणि वकिलांना विसरू नकोस. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळं जमिनीचे जुने कागद मराठीत, त्याहून जुने मोडीत. आजची पहाणी, म्हणजे शेताचा उतारा, मात्र कन्नडमध्ये. एकाच शेताचे दोन कागद दोन लिप्यांत असतात आणि घरातल्या एकालाही दोन्ही वाचता येत नाहीत. मोडी शिकलीस तर जन्मभराचं काम आहे ते. पण ते पुढचं. एवढ्या सगळ्यांच्या दारात तू सोमवारीच जाऊन उभी राहा, असं मी म्हणत नाही.

पहिलं काम एकाच माणसासाठी, एकच वस्तू. आणि ती तुझ्या घरातच आहे.

तुझ्या आईनं दिलेली बचत गटाच्या मसाल्याची पुडी आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. संकेश्वरी मिरचीचा वास कागदाबाहेर येतोय, मसाला उत्तमच आहे. लेबल बघ. शाकाहारी खूण म्हणून नुसता हिरवा ठिपका काढलाय, त्याभोवती हिरवा चौकोन हवा. निव्वळ वजन घडीखाली गेलंय. अन्न परवान्याचा क्रमांक चौदा अंकी असतो, मी मोजले तर तेराच भरले. घटक पदार्थ फक्त मराठीत आहेत. नियमाप्रमाणं आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावीच लागते, बाकीच्या भाषा त्याच्या जोडीला चालतात. म्हणजे तळहाताएवढ्या कागदावर तीन भाषा, एक खूण, एक क्रमांक, वजन, तारीख, आणि तरीही ती पुडी दुकानाच्या फळीवरनं हाका मारायला हवी. हे सगळ्यांनाच जमत नाही. तुला जमेल. त्या गटाला नवं लेबल करून दे. मग मसाला ज्या दुकानात जातो तिथं शेजारी आणखी दहा घरगुती पुड्या असतात, पापडाच्या, चटणीच्या, लाडवाच्या. प्रत्येकीवर फोन नंबर छापलेला असतो. नव्या लेबलाची पुडी हातात घेऊन त्यातल्या एकीला भेट. फोनवर चित्र पाठवू नकोस, समोर जाऊन हातात दे.

मात्र गटाकडनं पैसे घे. तुझी आई गटात आहे म्हणून फुकट नको. मला माझं पहिलं काम झाल्यावर विचारलं होतं, "किती झाले?" आणि मी म्हणाले होते, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." हातावर दीडशे रुपये आणि पावशेर कुंदा पडला. तीन रात्री जागले होते. त्यांनी फसवलं नाही, मीच माझ्या कामाला किंमत लावली नव्हती. पुढची दोन वर्षं त्या घराकडनं काम आलं ते त्याच हिशेबानं.

दर कसा काढायचा ते सांगते. समज, घरखर्चाला हातभार, वीज, नेट, फोन, लॅपटॉपचा हप्ता मिळून महिन्याला तुला अठरा हजार लागतात. महिन्यात कामाचे दिवस बावीस, पण सुरुवातीला पैसे मिळवून देणारे बाराच धर. बाकीचे फिरण्यात, वाट बघण्यात, दुरुस्त्यांत जातात. म्हणजे दिवसाला पंधराशे सुटायला हवेत. भाषांतर करून, पुन्हा वाचून, तपासून तू दिवसाला पंधराशे शब्द देऊ शकलीस तर शब्दाला एक रुपया. एवढं सोपं आहे. तुझे आकडे वेगळे असतील, पण आकडा तुझ्या वहीतनं आला पाहिजे, समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघून नव्हे. आणि आकडा सांगितल्यावर गप्प बस. "पण कमी-जास्त करू की" हे वाक्य आपल्या तोंडातनं आपोआप बाहेर पडतं. ते आत ठेवायला मला फार वर्षं लागली.

निम्मे पैसे आधी. ओळखीच्यांकडनंसुद्धा. काय करणार, किती दुरुस्त्या देणार, कधी देणार, कधी पैसे मिळणार, हे चार ओळींत व्हॉट्सॲपवर लिहून पाठव आणि 'ठीक आहे' असं उत्तर आल्याशिवाय फाईल उघडू नकोस. एका कारखान्यानं माझं कॅटलॉगचं बिल सात महिने ठेवलं होतं. दर आठवड्याला रिक्षा करून जायचे, साहेब जेवायला गेलेत हे ऐकून परत यायचे. आज तसं सहन करायचं कारण नाही. लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नकोस. नोंदणी असली की लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणं घेणाऱ्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासकट. बिलाच्या खाली उद्यम क्रमांक छाप. भांडायची वेळ सहसा येत नाही, तो क्रमांक बघून हिशेबनीस बिल वर काढतो.

आपण सीमेवरचे म्हणून एक गैरसमज मुद्दाम दूर करते. निपाणीपलीकडं कोल्हापूरला किंवा गोव्यात काम दिलं तर राज्य बदलतं, मग लगेच जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, असं तुला कुणीतरी सांगेलच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि ऑक्टोबर २०१७ पासून ही सवलत परराज्यातल्या कामालाही आहे. तेव्हा कोल्हापूरचा छापखाना कन्नड मजकुरासाठी माणूस शोधत असेल तर बेधडक हो म्हण. तिकडं मराठी जुळवणारे पुष्कळ आहेत, कन्नड वाचणारा मिळत नाही. मोठ्या कंपन्या बिलातनं टीडीएस, म्हणजे आयकर आधीच, कापतील, त्यांना पॅन दे आणि वर्षाअखेरी विवरणपत्र भर, जास्तीचा कापलेला परत मिळतो.

आता माझी एक मोठी चूक सांगते, कारण हाच धोका तुझ्यापुढं रोज असणार आहे. लग्नपत्रिका होती. मुलाकडचे गोकाकचे, कन्नड. मुलगी खानापूरची, मराठी. एका पानावर दोन्ही. मी कन्नड मजकूर नुडी या कन्नड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टात जुळवला, घरच्या मशीनवर देखणा दिसत होता. छापखान्याच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. मी तशीच उघडी फाईल पाठवली, छापायच्या आधी कागदावर काढून बघितलं नाही. तीनशे पत्रिका छापून आल्या तेव्हा नवऱ्या मुलाच्या आडनावातलं जोडाक्षर फुटून ओत्ताक्षर, म्हणजे अक्षराखाली लिहायचं जोड व्यंजन, भलत्याच जागी पडलं होतं. मुलाचे वडील काही बोलले नाहीत, त्या अक्षरावर नुसतं बोट ठेवलं. कागद आणि छपाई मी माझ्या पैशानं पुन्हा केली.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. मजकूर युनिकोडमध्येच. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे आपल्या लिप्या नीट जुळवणारी सोय, चालू आहे का ते आधी बघायचं, नाहीतर मराठीचा रफार आणि कन्नडचं जोडाक्षर दोन्ही विस्कटतात. दोन ओळींतलं अंतर कन्नडच्या हिशेबानं ठेवायचं, कारण ओत्ताक्षर ओळीखाली लोंबतं आणि जागा कमी पडली की खालच्या ओळीत घुसतं. छापखान्याला पीडीएफच द्यायची, अक्षरांच्या बाह्यरेषा करून. आणि अखेरचा नमुना कागदावर काढून दोन माणसांच्या सह्या घ्यायच्या, एक मराठी वाचणारा, एक कन्नड वाचणारा. मराठीत 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत अख्खा समुद्र नि डोंगरातली दरी एवढा फरक आहे. तो डोळा तुझ्याकडं आहे, कन्नडसाठीही दुसरा डोळा ठेव.

परदेशी कामं देणाऱ्या संकेतस्थळांबद्दल विचारलं होतंस. खातं उघड, पण त्यावर विसंबू नकोस; तिथं नवख्याला पहिलं काम मिळेपर्यंत धीर सुटतो. भाषांतर संस्थांना मात्र पत्र लिही. त्या चाचणी म्हणून दोन-तीनशे शब्द फुकट मागतात, ते ठीक आहे. दोन-तीन हजार मागितले तर ती चाचणी नव्हे, ते काम आहे.

आणि गणपत गल्लीतल्या दुकानातलं तुझं काम लगेच सोडू नकोस. तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडू दे. सोडशील तेव्हा मालकांना स्वतः सांग, आणि त्यांचं एकही गिऱ्हाईक ओढू नकोस. उलट म्हण, कन्नडचं जे काम तुम्हाला नको असेल ते माझ्याकडं पाठवा. मी ज्या छापखान्यात सहा वर्षं होते तिथनं बाहेर पडताना हेच म्हणाले होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा माणूस सायकलवरनं कागदाचं भेंडोळं घेऊन आला. माझं पहिलं नियमित गिऱ्हाईक माझे जुने मालकच होते, आणि ते गेले त्या वर्षापर्यंत राहिले.

बुधवारी संध्याकाळी ये. येताना त्या मसाल्याच्या पुडीचं नवं लेबल खऱ्या मापात कागदावर छापून आण, पडद्यावर दाखवू नकोस. कात्री आणि डिंक माझ्याकडं आहे, कापून पुडीवर चिकटवू आणि सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचायला देऊ. आणि गटाच्या बायकांना दर किती सांगितलास, ते आल्या आल्या सांग.

तुझी,
मावशी