प्रकटीकरणातली (बायबलचं शेवटचं पुस्तक) ६६६ ही खूण म्हणजे बारकोड का?

प्रश्न नागपूरच्या सदरमधल्या बायबल अभ्यासगटातला आहे. आधी बातम्या बाजूला ठेवा. तिथून सुरुवात केली की दर दहा वर्षांनी अर्थ बदलतो.

पहिलं पाऊल: ग्रंथ स्वतः काय उलगडतो ते पाहा. सात समया म्हणजे सात मंडळ्या, म्हणजे चर्च (१:२०), दहा शिंगं म्हणजे दहा राजे (१७:१२). मग जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, उघडा. १३व्या अध्यायातलं श्वापद चित्त्यासारखं आहे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं. हे सगळे प्राणी दानीएल ७ मधले, आणि तिथे ती राज्यं आहेत.

आता ६६६, म्हणजे या श्वापदाचा अंक (१३:१८). हिब्रूत अक्षरंच अंक असतात. ‘नरोन केसर’, म्हणजे रोमन सम्राट नीरो: ५०+२००+६+५०+१००+६०+२००. बेरीज ६६६. शेवटचा ‘न’ गाळला की ६१६ उरतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमका तोच आकडा आहे! म्हणून बरेच अभ्यासक नीरोकडे बोट दाखवतात, सगळे नव्हे.

आणि १३:१६ मधली हातावरची किंवा कपाळावरची खूण वाचून थांबू नका हो. लगेच १४:१ मध्ये कोकऱ्याच्या, म्हणजे येशूच्या, लोकांच्या कपाळावरही नाव आहे. तुम्ही कोणाचे, हा तिथला प्रश्न आहे.