ऑल-इन-वन घेताय? आधी दहा मिनिटं लोडवर चालवून बघा

प्रश्न : आमचा लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. जागा कमी, म्हणून २७ इंची ऑल-इन-वन (स्क्रीनमागेच संगणक बसवलेलं मशीन) घ्यायचा विचार आहे. दोन मॉडेलं पाहिली. दोन्हींवर ‘आय७, तेरावी पिढी, १६ जीबी’ असंच लिहिलंय, किमतीत मात्र बराच फरक आहे. स्वस्तातलं घेतलं तर काय बिघडेल? दुकानातच तपासता येईल का?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ‘आय७’ एवढ्यावर जाऊ नका, पूर्ण नंबर वाचा. ऑल-इन-वनमध्ये बहुतेक वेळा लॅपटॉपचाच प्रोसेसर असतो. आय७-१३५५यू मध्ये मोठे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) दोनच आणि लहान आठ. मूळ पॉवर १५ वॅट. आय७-१३७००एच मध्ये मोठे सहा, लहान आठ आणि मूळ पॉवर ४५ वॅट. स्टिकर दोन्हींवर एकच लागतो. नुसतं कटिंग आणि एक्स्पोर्ट असेल तर फरक कमी जाणवेल, कारण व्हिडिओ एन्कोड-डीकोडचं काम इंटेलच्या ग्राफिक्समधला क्विक सिंक हा खास भाग करतो आणि तो दोन्हींत आहे. कलर ग्रेडिंग, नॉइज रिडक्शन, चार-पाच लेअर आले की यू मालिका (नंबरच्या शेवटी ‘यू’ असलेले प्रोसेसर) मागे पडते.

पण एच मालिका घेतली म्हणजे काम झालं असंही नाही. स्क्रीनमागच्या अरुंद जागेतून उष्णता बाहेर पडली नाही, तर चांगला प्रोसेसरही वेग उतरवतो. हे पाच मिनिटांच्या डेमोत कधीच कळत नाही. सुरुवातीला थोडा वेळ प्रोसेसर मूळ पॉवरच्या दुप्पट-अडीचपट वीज घेऊन पळतो आणि सगळं झकास दिसतं. म्हणून पेन ड्राइव्हवर सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा वेग मोजणारा) आणि एचडब्ल्यूइन्फो६४ (वॅट, तापमान दाखवणारा) हे प्रोग्रॅम घेऊन जा. दोन्ही फुकट आहेत. आधी सिनेबेंचमधली किमान वेळ बंद करून मल्टी-कोअरची एकच फेरी चालवा, आकडा लिहून ठेवा. मग दहा मिनिटांची सलग टेस्ट लावा. शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा पाच-सात टक्क्यांनी उतरला तर चालेल. पंचवीस-तीस टक्क्यांनी घसरला तर ते मशीन तुमच्या रेंडरला पुरणार नाही, मग दुकानदार काहीही सांगो.

टेस्ट चालू असताना एचडब्ल्यूइन्फोत ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ ही ओळ बघत राहा. सुरुवातीला ९० वॅट दाखवून ती ३० वर येऊन स्थिरावली, तर तुम्हाला रोज ३० वॅटचंच मशीन मिळणार. तापमानही बघा, आणि इथे पुण्याचा उन्हाळा हिशोबात धरा. दुकानात एसी २४ अंशांवर असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा बिनएसीच्या खोलीत प्रोसेसरचं तापमानही जवळपास तेवढ्याच फरकाने वाढतं. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. दुकानात ८५ दिसले, तर तुमच्याकडे ते मर्यादेलाच टेकतील.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचेही वॅट तपासा. लॅपटॉपसाठीचं आरटीएक्स ४०५० कंपनी ३५ वॅटवरही बसवू शकते आणि ११५ वरही. दोन्हींचं नाव तेच, काम फार वेगळं. तुमच्या कॅमेऱ्याचं फुटेज दहा-बिट ४:२:२ एच.२६५ (रंगांची जास्त माहिती साठवणारा व्हिडिओचा प्रकार) असेल तर आरटीएक्स ४० मालिकेची कार्डं ते हार्डवेअरवर डीकोड करत नाहीत, इंटेलचं ग्राफिक्स करतं. ते चालू असेल याची खात्री करा. स्वतःच्या क्लिप नेऊन टाइमलाइनवर ओढून बघणं सगळ्यात उत्तम.

रॅमसाठी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधलं मेमरी. ‘स्लॉट्स यूज्ड’ एक ऑफ दोन दिसलं तर १६ जीबीची एकच स्टिक आहे. तशीच दुसरी बसवा. ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) झाल्यावर इंटेलच्या ग्राफिक्सला खरा फरक पडतो. ‘फॉर्म फॅक्टर’ समोर ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे, त्यामुळे ३२ जीबी आत्ताच घ्या.

प्रश्न : पुस्तकांच्या मांडणीसाठी ऑल-इन-वन घेतोय. २७ इंची फुल एचडी चालेल का?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : नाही. २७ इंचांवर फुल एचडी म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल. देवनागरीतली जोडाक्षरं, रफार, अनुस्वार आठ-नऊ पॉइंटात फुटतात आणि ‘र्‍या’सारख्या जागी प्रूफ वाचताना डोळे ताणावे लागतात. त्याच आकारात फोर-के घेतलं तर इंचाला १६३ पिक्सेल मिळतात. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेला, म्हणजे कमी रंग दाखवणारा पॅनेल घेऊ नका, त्यावर लाल रंग विटकरीकडे झुकतो. एसआरजीबी (स्क्रीनवरच्या रंगांचं नेहमीचं माप) १०० टक्के असलाच पाहिजे. छपाईशी रंग जुळवायचे तर ब्राइटनेस १०० ते १२० निट्सवर (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आणा. दुकानात असतो तेवढ्या झगझगाटावर पाहिलेलं पान छापून आलं की काळवंडलेलं वाटतं. ऑल-इन-वनमध्ये स्क्रीन नंतर बदलता येत नाही, तेव्हा पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसरमध्ये वाचवा, स्क्रीनमध्ये नको. एचडीएमआय-इन (दुसरं मशीन या स्क्रीनला जोडायचं सॉकेट) आहे का तेही विचारा. असेल तर पुढे आतलं मशीन जुनं झाल्यावर स्क्रीन तरी मॉनिटर म्हणून वापरता येते.

प्रश्न : गुरुवारी महावितरणचं काम असलं की वीज जाते. सहाशे व्हीएचा यूपीएस पुरेल का? शिवाय मशीनच्या धातूच्या स्टँडला हात लागला की झिणझिण्या येतात.
– एक वाचिका, सदाशिव पेठ

उत्तर : ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. तुमच्या अ‍ॅडॅप्टरवरचे वॅट बघा. १८० असतील तर काम सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरेल, ३३० असतील तर १००० व्हीए घ्या. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणा की आणखी कुठून, पण आणल्यावर मशीन लोडवर ठेवून यूपीएसचा प्लग ओढून बघा. मशीन रीस्टार्ट झालं तर तो यूपीएस त्या अ‍ॅडॅप्टरला झेपत नाही. शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच लहर देणारा बदलून घ्या.

झिणझिण्यांचं कारण बहुतेक वेळा अर्थिंग. अ‍ॅडॅप्टरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह बॉडीवर येतो आणि अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. जुन्या वाड्यांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण मागे तिसरी तार जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनला मीटर लावायला सांगा : फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत यायला हवेत. अर्थिंग नसताना न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच एकत्र जोडून ‘झालं काम’ म्हणणारे भेटतात. ते अजिबात करू देऊ नका; न्यूट्रल तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट त्या स्टँडवर येतील.

प्रश्न : २०१७ चा २७ इंची आयमॅक स्वस्तात मिळतोय. संगणक म्हणून नाही, तर मॉनिटर म्हणून तरी घ्यावा का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : स्क्रीन फाइव्ह-के आहे, आजही सुंदर दिसते. पण टार्गेट डिस्प्ले मोड (आयमॅक दुसऱ्या मशीनचा मॉनिटर म्हणून वापरायची सोय) फक्त २००९ ते २०१४ च्या मध्यापर्यंतच्या, म्हणजे फाइव्ह-केच्या आधीच्या मॉडेलांवर चालतो, त्यामुळे दुसरं मशीन केबलने थेट जोडता येणार नाही. संगणक म्हणून मॅकओएस व्हेंचुरा या आवृत्तीच्या पुढे तो अधिकृतपणे जात नाही. रॅम मागची झडप उघडून वाढवता येते, ही त्याची जमेची बाजू. तरी केवळ स्क्रीनसाठी घेत असाल तर घेऊ नका.