दारातला लाजर

म्हापसा

प्रिय मुला,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुझे पत्र पोचले. जमिनीच्या व्यवहारात तुझा जम बसतो आहे, आईच्या औषधपाण्याची काळजी मिटली, हे वाचून फार बरे वाटले. घरात पैसा येणे वाईट, असे मी तुला कधीच सांगणार नाही. पण पत्रातल्या दोन गोष्टींवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणजे, श्रीमंती हाच देवाच्या आशीर्वादाचा पुरावा, असे तुम्हांला प्रार्थनासभेत सांगितले जाते. दुसरी तुझी स्वतःची शंका. मेल्यानंतरचे कोणी पाहून आले आहे का? तिकडून एखादा परत येऊन बोलला तर माणसे लगेच सुधारतील, असे तू म्हणतोस.

नेमकी हीच मागणी तुझ्याआधी एकाने केली आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय काढ आणि १९ ते ३१ ही वचने सावकाश वाच. जांभळी वस्त्रे नेसणारा, रोज मेजवानी झोडणारा श्रीमंत. त्याच्या दारात पडलेला, अंगभर फोड आलेला लाजर. दोघे मरतात. लाजर मूळपुरुष अब्राहामाच्या उराशी, श्रीमंत यातनेत. तो विनवतो की लाजरला माझ्या पाच भावांकडे पाठव, मेलेल्यांतून कोणी गेला तर ते पश्चात्ताप करतील. अब्राहाम म्हणतो, त्यांच्यापाशी मोशे आणि संदेष्टे आहेत. त्यांचे जे ऐकत नाहीत, ते मेलेला उठून आला तरी ऐकणार नाहीत.

ही कथा तू लहानपणापासून ऐकली आहेस, म्हणून तिच्यातल्या बारीक गोष्टी निसटतात. श्रीमंताने चोरी केली, कुणाला लुबाडले, लाजरला हाकलले, असे कुठेही लिहिलेले नाही. उलट, लाजर आपल्या दारात पडतो हे त्याने चालवून घेतले. आणि त्याला लाजरचे नाव ठाऊक आहे! यातना भोगताना ते नाव त्याच्या तोंडी येते, पण कशासाठी? बोटाचे टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करायला लाजरला पाठव. भावांना निरोप द्यायला लाजरला पाठव. मेल्यावरही लाजर त्याच्या लेखी हरकाम्याच आहे. स्वतः लाजरशी तो एक शब्द बोलत नाही. मला या कथेतले सगळ्यांत भयंकर वाक्य ज्वाळेचे वाटत नाही, हे वाटते.

आता आशीर्वादाचे. लाजर ज्याच्या उराशी विसावला तो अब्राहाम गुरेढोरे, चांदी आणि सोने यांनी अतिशय संपन्न होता, असे बायबलच्या ‘उत्पत्ती’ पुस्तकात तेराव्या अध्यायात स्पष्ट आहे. म्हणजे पैसा होता म्हणून कुणी यातनेत गेला, असे शास्त्र सांगत नाही. पण हाच अब्राहाम अठराव्या अध्यायात भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला आहे, आणि तीन अनोळखी माणसे दिसताच धावत सामोरा जातो. दोघेही श्रीमंत. एक दारातून धावत बाहेर आला, दुसऱ्याला दारातले दिसलेच नाही. तुझ्या उपदेशकांना हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचायला सांग.

परलोकाबद्दल माझे मत असे की ही कथा तिथला नकाशा काढून देत नाही, आणि तो मागूही नये. ती एवढेच सांगते की मेल्यावर मधली दरी ओलांडता येत नाही. जिवंतपणी ती एका उंबरठ्याएवढी होती. चौथ्या शतकात संत योहान ख्रिसोस्तोम या प्रवचनकाराने अंत्युखिया शहरात याच कथेवर प्रवचनांची मालिकाच केली. तो रंगभूमीचा दाखला देतो. आपल्या जत्रेतल्या नाटकात राजा झालेला माणूस पहाटे रंग पुसून घरी जातो ना, तसे मरणात होते. कोण खरा श्रीमंत आणि कोण खरा दरिद्री ते तेव्हा दिसते. स्वतःच्या मालमत्तेतले गरिबाला न देणे हीसुद्धा चोरीच, असे तो तिथेच ठणकावतो.

आणि तुझा पुरावा? योहानाच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात बेथानीचा लाजर, हा वेगळा लाजर, खरोखर कबरीतून उठून आला. बाराव्यात मुख्य याजक त्यालाच मारायचा कट करतात. पुराव्याने मन बदलतेच असे नाही.

मन बदलते ते वचनाने. तिसऱ्या शतकात इजिप्तमधला अंतोनी नावाचा तरुण, आईबाप नुकतेच वारलेले, सुपीक जमिनीचा मालक, देवळात शिरला तेव्हा ‘तुझे असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे’ हे वचन वाचले जात होते. त्याने ते स्वतःला उद्देशून आहे असे मानले आणि वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. पुढे ३८६ साली मिलानमध्ये त्याची हकीकत ऐकून ऑगस्टिन, जो नंतर मोठा संत झाला, ढवळून निघाला. ना भूत, ना चमत्कार. कानावर पडलेले एक वाचन. आपल्या गोव्यात फादर स्टीफन्सने सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचून १६१६ मध्ये राशोलला छापले, तेही याच भरवशावर की लोकांना त्यांच्या बोलीत ऐकू आले तर ते आत उतरेल.

मोशे आणि संदेष्टे म्हणजे काय, हे तुझ्या धंद्यात तर फारच थेट आहे. शेजाऱ्याची मेर सरकवू नका, हे मोशे सांगतो. घराला घर आणि शेताला शेत जोडत जाऊन जागाच उरू न देणाऱ्यांना यशया पाचव्या अध्यायात धिक्कारतो. नाबोथाचा मळा अहाब राजाला हवा होता, नाबोथ वडिलांचे वतन देईना, तेव्हा काय झाले आणि संदेष्टा एलीया त्या मळ्यात उभा राहून काय बोलला, ते ‘राजे’च्या पहिल्या पुस्तकात एकविसाव्या अध्यायात वाच. आपल्या बार्देश तालुक्यात आज व्हिलांसाठी ज्या तऱ्हेने डोंगर आणि शेते जातात, ते पाहून मला तो अध्याय सारखा आठवतो.

म्हणूनच तुझ्या पत्रातले एक वाक्य मला बोचले. त्या जागेत एका म्हाताऱ्या मुंडकार बाईंचे, म्हणजे मालकाच्या जमिनीत त्याच्या परवानगीने राहणाऱ्या बाईंचे, घर आहे, तेवढे ‘क्लिअर’ झाले की सौदा पुरा, असे लिहून तू पुढच्या ओळीत गाडीच्या मॉडेलवर गेलास. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्या बाईंना घरातून काढण्यापासून संरक्षण आहे, घर विकत घेण्याचा हक्कही आहे. हे तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. त्यांना ठाऊक आहे का?

आपल्याकडे लग्नाआधी पितरांच्या नावे भिकाऱ्यांचे जेवण घालतात. तुझ्या बहिणीच्या लग्नात तुम्ही मनापासून वाढलेत, मी पाहिले. चांगली रीत आहे, सोडू नका. पण तो श्रीमंत रोज जेवत होता आणि लाजर रोज उपाशी होता.

तेव्हा असे कर. सह्यांची तारीख ठरण्याआधी त्या बाईंच्या घरी एकटा जा, खरेदीदाराला बरोबर नेऊ नकोस. बस, त्यांचे ऐक. हक्क समजावून सांग, मामलेदाराकडचा अर्ज भरायला मदत कर. त्यांचे घर आणि येण्याजाण्याची वाट आराखड्यात राखूनच पुढची बोलणी होतील, हे खरेदीदाराला साफ सांग. तो मागे फिरला तर तुझी दलाली बुडेल, मोठी रक्कम आहे, मला कल्पना आहे. बुडू दे. घरात चणचण भासली तर लाजू नकोस, लगेच कळव. आईच्या औषधांचे आपण मिळून बघू.

तुझे,
सर