अंतर भागिले वेग केलं तरी विमान प्रवासाची वेळ जुळत का नाही?

तुमचा प्रश्न असा : लंडन–न्यूयॉर्क अंतर नकाशावर पट्टीने मोजलं, ताशी ९०० किमीने भागलं, तरी तिकिटावरच्या वेळेशी मेळ बसत नाही. शिवाय जायला आठ तास आणि यायला सातच, हे कसं?

भागाकार चुकलेला नाही. भाज्य आणि भाजक, दोन्ही गडबडलेत.

आधी अंतर. सपाट नकाशावरची सरळ रेघ गोल पृथ्वीवर सगळ्यात जवळची नसते. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो उत्तरेकडे झुकून कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या बाजूने जातो. ते अंतर भरतं साधारण ५,५५० किमी.

आता वेग, खरी गंमत इथे आहे. ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवाच वाहत असते. ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे वाहतात. वारा ताशी १५० किमी धरला, तर पूर्वेला जाताना जमिनीवरचा वेग १,०५० आणि परतताना ७५० होतो. म्हणजे एकीकडे ५ तास १७ मिनिटं, दुसरीकडे ७ तास २४ मिनिटं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं!

मला वाटायचं, जाता-येता हिशेब फिटत असेल. फिटत नाही. वरच्याच आकड्यांची बेरीज करा, वारा नसतानापेक्षा २१ मिनिटं जास्त लागतात, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून असतो. (पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.)

तिकिटावरची वेळ मात्र उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीकडे रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं, सगळं त्यात धरलेलं असतं. आणि दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या स्थानिक असतात, वजाबाकीआधी तो फरक काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.

कधीकधी तर अंतरच बदलतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. शहरं होती तिथेच आहेत.

माझा ढोबळ हिशेब : गोलावरचं अंतर भागिले ८५०, अधिक अर्धा तास. लांबच्या प्रवासात पश्चिमेला जायचं असेल तर तासभर आणखी धरा.